आंतरराष्ट्रीय आरोग्यविमा, वय ६६ आणि ६९: पाचपैकी साडेतीन तारे

निवृत्तीनंतर परदेशात कायमचं राहायचं ठरल्यावर घर मिळायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि आरोग्यविमा मिळायला साडेचार महिने. त्या साडेचार महिन्यांचा आणि नंतर वर्षभर पॉलिसी वापरल्याचा हा हिशेब. चौतीस वर्षं लेखापरीक्षणात गेली, त्यामुळे बारीक अक्षरं वाचायची खोड आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, देशाचंही नाही. देशाचं नाव घेतलं की लोक तिथली थंडी आणि घरभाडं विचारायला लागतात आणि पॉलिसी राहते बाजूला.

घेतलं काय ते आधी सांगते. दोघांच्या नावाची आंतरराष्ट्रीय पॉलिसी, अमेरिका सोडून जगभर लागू. हॉस्पिटलात दाखल झाल्यावरचा खर्च पूर्ण, बाहेरच्या तपासण्या आणि डॉक्टरांची फी ठरावीक मर्यादेपर्यंत, दात आणि चष्मा नाही. अमेरिका वगळल्यावर हप्ता इतका उतरला की मी ब्रोकरबाईंना दोनदा विचारलं, आणखी काही वगळलं नाही ना? नव्हतं. तिथल्या हॉस्पिटलांची बिलंच तशी असतात.

मुलाने पहिल्याच दिवशी एक लिंक पाठवली होती. "आई, हे बघ, किती स्वस्तात मिळतंय." तो निघाला प्रवासविमा. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा जो विमा मागतात, त्याच जातीचा. पाहुणा अचानक आजारी पडला तर त्याला सावरायचं आणि त्याच्या घरी धाडायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही जिथे निघालो होतो तेच आमचं घर होणार होतं, मग धाडणार कुठे? बीपीच्या रोजच्या गोळ्या, वर्षाची तपासणी, देव न करो पण कॅन्सरचे महिनोन्‌महिने चालणारे उपचार, यातलं काहीच त्यात बसत नव्हतं.

मग वही काढली. पहिल्या रकान्यात हप्ता लिहायचा मोह आवरला आणि तिथे वय लिहिलं: नवा ग्राहक कंपनी कितव्या वर्षापर्यंत घेते. कुणी ६५ ला थांबतं, कुणी ७० ला, कुणी ७५ ला. नऊ कंपन्यांपैकी चार ह्यांच्या वयावरच गळाल्या. दुसरा रकाना: एकदा आत घेतल्यावर आयुष्यभर रिन्युअल देतात का. या दोन गोष्टींची लोक फार गल्लत करतात. सत्तरीनंतर नवा माणूस न घेणारी कंपनी जुन्या माणसाला नव्वदीपर्यंतही सांभाळते, आणि आज हसतमुखाने घेणारी कंपनी ऐंशीला हात जोडून मोकळी होऊ शकते. एका पॉलिसीत छत्तिसाव्या पानावर तसं चक्क लिहिलं होतं. पहिल्या पानावर मात्र लाखो डॉलरचं कव्हर, जाड टायपात. एवढं कव्हर घेऊन ऐंशीव्या वाढदिवसाला करू काय?

त्यामुळे मी प्रत्येक पॉलिसीला एकच प्रश्न विचारत गेले, की हे दोघं ७८ आणि ८१ चे झाल्यावर तू यांच्याशी कशी वागशील? बहुतेकींचं उत्तर गुळमुळीत होतं. जी घेतली तिच्यात आयुष्यभर रिन्युअलची हमी आहे, आणि एखाद्याने मोठा क्लेम केला म्हणून त्याच्या एकट्याचा हप्ता वाढवणार नाही असंही लिहिलंय. वयोगट बदलला की आणि उपचार महागले की मात्र सगळ्यांचाच वाढतो. साडेतीनपैकी दोन तारे या एका पानाचे.

आता आधीच्या आजारांचं. ह्यांना सहा वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलाय, बीपी त्याच्याही आधीपासून. मला थायरॉईड. या वयात कोरी पाटी कुणाची असते? इथे साधारण दोन वाटा असतात. एकीला मोरेटोरियम म्हणतात. फॉर्म छोटा, वैद्यकीय चौकशी जवळजवळ नाही, पण गेल्या काही वर्षांत, बहुधा पाच, झालेलं कुठलंही दुखणं आपोआप बाहेर. पुढे सलग दोन वर्षं त्या दुखण्याचं लक्षण नाही, औषध नाही, डॉक्टरचा सल्ला नाही, असं झालं तर ते कव्हरमध्ये येतं. आम्हाला हे आवडलंच होतं. मग लक्षात आलं की बीपीची गोळी हासुद्धा उपचारच. ती रोज घेणाऱ्याची ती दोन वर्षं कधी सुरूच होत नाहीत!

दुसरी वाट म्हणजे संपूर्ण अंडररायटिंग. सगळं लिहून द्यायचं, मग कंपनी एकेका आजारावर सांगते: घेतला, जादा हप्त्यावर घेतला, किंवा वगळला. त्रास जास्त, पण काय मिळणार हे आजच कळतं. आम्ही हीच धरली.

फॉर्म भरायला दोन संध्याकाळी गेल्या. चार वर्षांपूर्वी ह्यांच्या छातीत दुखलं होतं, रात्रभर हॉस्पिटलात ठेवलं, ईसीजी, रक्त, सगळं ठीक.

"अगं, ते कशाला लिहितेस? गॅसेस होते ते."

"अहो, काय निघालं ते विचारलेलं नाही. छातीत दुखलं म्हणून दाखल झाला होतात का, हे विचारलंय. झाला होतात."

मग मी माझ्या जुन्या सोनोग्राफीचा रिपोर्टही जोडायला घेतला. दुसऱ्याच कशासाठी तरी केलेली होती, तिच्यात एक ओळ होती: उजव्या मूत्रपिंडात ३ मिलिमीटरचा खडा. त्रास शून्य. "आता तेही?" म्हणाले आणि ह्यांनी वर्तमानपत्र उघडलं. आमच्याकडे वर्तमानपत्र उघडलं की विषय संपतो. रिपोर्ट मी जोडला, परिशिष्ट ४.

कंपनीने तीन वेळा उलट पत्रं पाठवली, ट्रेडमिलची टेस्ट मागितली, आणि शेवटी ह्यांच्या नावापुढे एक ओळ आली: हृदय व रक्ताभिसरण संस्थेचे सर्व विकार वगळून. वाचायला एक ओळ. पण रक्त वाहत नाही असा शरीराचा भाग कुठला? पक्षाघात गेला, पायातली गुठळी गेली, फुगलेल्या शिरासुद्धा गेल्या. ब्रोकरबाईंनी इथे आपलं कमिशन हलाल केलं. (कमिशन त्यांना कंपनीकडून मिळतं, आपल्याकडून नाही. त्यामुळे दोन ब्रोकरांकडून कोटेशन घ्यावं, मी घेतलं होतं.) हृदयरोगतज्ज्ञांचं ताजं पत्र लावून त्यांनी ती ओळ हृदयाच्या रोहिण्यांचा आजार आणि त्याचे थेट परिणाम एवढ्यावर आणली. बीपी जादा हप्त्यावर आत आलं, पक्षाघात आत आला. हृदय बाहेरच राहिलं. त्यासाठी आम्ही वेगळी ठेव काढून ठेवलीय, तिला हात लावायचा नाही असं ठरलंय.

ज्यांना अजून देशच ठरवायचाय त्यांनी व्हिसाचा विमा आधी वाचावा. काम न करता राहण्याच्या स्पेनच्या व्हिसाला तिथे काम करायला परवानगी असलेल्या कंपनीचाच विमा लागतो, तोही दर भेटीला पैसे न भरायला लावणारा आणि वेटिंग पीरियड, म्हणजे सुरुवातीचा क्लेम न मिळण्याचा काळ, नसलेला. थायलंडचा ओ-ए हा ५० वर्षांवरच्यांचा व्हिसाही ठरावीक रकमेचं कव्हर मागतो. युरोपियन युनियनमधला किंवा ब्रिटनचा सरकारी पेन्शनर दुसऱ्या युरोपीय देशात स्थायिक झाला तर एस१ नावाच्या कागदावर तिथल्या सरकारी दवाखान्यात जातो आणि खर्च पेन्शन देणारा देश उचलतो. आम्हाला असा मामा नाही.

आणि जुनं काही तोडू नका. इथे ओळख झालेल्या एका अमेरिकन गृहस्थांना वाटत होतं मेडिकेअर, म्हणजे त्यांचा ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा, सगळीकडे चालेल. अमेरिकेबाहेर ते जवळजवळ चालतच नाही. मग चिडून ते पार्ट बी, म्हणजे त्यातला डॉक्टरांच्या फीचा भाग, बंद करायला निघाले, तेव्हा बायकोने थांबवलं. नंतर परत घ्यायचा म्हटला तर बाहेर काढलेल्या दर बारा महिन्यांमागे हप्ता साधारण १० टक्क्यांनी वाढतो, आणि तो दंड बहुतेकांना कायमचा चिकटतो. जर्मनीत पंचावन्नीनंतर सरकारी विम्यात परत शिरणं बहुतेकांना बंदच. आमची मायदेशातली जुनी पॉलिसी आम्ही चालूच ठेवलीय. जड जातं, पण सोडली असती तर परत जायची वेळ आल्यावर वेटिंग पीरियड पहिल्यापासून.

वापराचा अनुभव सातव्या महिन्यात आला, आणि ओळखलं असेलच, माझाच. रात्री पावणेतीनला उजव्या कुशीत अशी कळ आली की मला उभंही राहता येईना. हॉस्पिटल कंपनीच्या यादीतलं होतं. खिडकीतल्या मुलीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, कंपनीचं हमीपत्र आल्याशिवाय डिपॉझिट भरावं लागेल. हेल्पलाइन म्हणे चोवीस तास. लागते हो, चोवीस तास लागते, पण आधी चाळीस मिनिटं संगीत ऐकवते. ह्यांनी एका हाताने फोन कानाला धरला आणि दुसऱ्याने क्रेडिट कार्ड काढलं. हमीपत्र सकाळी अकराला आलं. डिपॉझिट परत यायला १९ दिवस लागले. यादीतल्या हॉस्पिटलात कॅशलेस, हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला रात्री पावणेतीनला कधी दुखलेलं नसावं. एक तारा इथे गेला.

पुढे पत्र आलं: हा खडा पॉलिसी सुरू होण्याआधीचा होता का? पाच वर्षांचे वैद्यकीय कागद पाठवा. मी कागद पाठवले नाहीत, दोन ओळी पाठवल्या. खड्याची नोंद तुमच्याकडेच आहे, परिशिष्ट ४, पान २. ती वाचून तुम्ही पॉलिसी दिलीत आणि माझ्या नावापुढे काहीही वगळलेलं नाही. नवव्या दिवशी डिडक्टिबल वजा करून क्लेम मंजूर. ते पत्र ह्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली, आणि वर्तमानपत्र उघडलं.

डिडक्टिबल म्हणजे वर्षाला माणशी अमुक रक्कम पहिल्यांदा आपण भरायची, त्यापुढचं कंपनीने. आम्ही ती मोठी ठेवली, हप्ता जवळपास एक तृतीयांशाने उतरला. परिणामी ह्यांच्या रक्ततपासण्या आणि माझ्या थायरॉईडच्या चकरा यांचा एक पैसाही वर्षभरात परत मिळाला नाही, आणि त्याचं मला दुःख नाही. विमा मोठ्या धक्क्यासाठी घेतला होता. दुसऱ्या एका कंपनीचं कोटेशन याहून कमी होतं, पण तिथे प्रत्येक बिलाचे २० टक्के आपण, आणि त्याला वरची मर्यादा नाही. मोठ्या ऑपरेशनचे २० टक्के किती होतात, हे वहीत मांडून पाहिलं आणि ते पान फाडून टाकलं.

अर्धा तारा कुठे कापला, तर विमानाने हलवण्याच्या कलमात. विकताना ब्रोकरबाईंनी "गरज पडली तर विमानाने नेतात" एवढंच सांगितलं होतं. कलमात जवळच्या योग्य हॉस्पिटलात नेतात असं आहे, आणि योग्य कुठलं हे कंपनीचे डॉक्टर ठरवणार. मुलाच्या गावी, आपल्या माणसांत नेणं ही वेगळी सोय, तिचा वेगळा हप्ता. आम्ही ते वर्ष संपल्यावर वाचलं. माझ्यासारखीने! आधी वाचलं असतं तर घेतलं असतं की नाही सांगता येत नाही, पण ठरवायची संधी तरी मिळाली असती.

गेल्या आठवड्यात रिन्युअलचं पत्र आलं. हे सत्तरीच्या गटात गेले, हप्ता उडी मारून वर. अपेक्षित होतं, वहीत अंदाज लिहून ठेवला होता, त्याच्या थोडं वरच निघालं. डिडक्टिबल अजून एक पायरी वाढवून भरतोय. हेल्पलाइनचा नंबर मोठ्या अक्षरांत छापून फ्रिजवर चिकटवलाय, आणि ह्यांना तो चष्म्याशिवाय वाचता येतो का ते दिवे मालवून, नुसत्या व्हरांड्याच्या उजेडात तपासलं. शेवटचे दोन आकडे चुकले. आता त्याहून मोठ्या अक्षरांत छापायचाय.