स्वतःच्या कमाईवर वाढायचं की गुंतवणूकदाराचा पैसा घ्यायचा? लहान सॉफ्टवेअर कंपनीसाठी दोन वाटांची तुलना

वीस-बावीस माणसांची कंपनी. सर्व्हिसच्या कामातून, म्हणजे दुसऱ्यांना सॉफ्टवेअर बनवून देऊन, पगार निघतात आणि त्याच पैशातून दोन-तीन वर्षं रेटलेलं एक प्रॉडक्ट आता कुठे विकायला लागलंय. नेमकं अशा वेळी कुणीतरी भेटतं आणि म्हणतं, "आठ कोटी टाकतो, जरा मोठा विचार करा." पुण्याच्या बाणेर-बावधनच्या पट्ट्यात हा प्रसंग काही नवा नाही. पैसे घ्यावेत का, एवढाच इथे विषय आहे.

या चर्चेत वाढीच्या वेगावर सगळेच बोलतात. मी लहान कंपन्यांचे हिशेब बघते, त्यामुळे माझं लक्ष दुसरीकडे जातं: धंदा पडला की त्याची झळ कोण सोसणार, आणि त्या दिवशी निर्णय कोणाच्या हातात असणार? दोन्ही वाटांमधला मोठा फरक मला इथेच दिसतो.

चेन्नईच्या दोन कंपन्या

तुलनेला झोहो आणि फ्रेशवर्क्स या कंपन्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची जोडी सोयीची आहे, कारण दोघींचं मूळ एकच. श्रीधर वेंबू आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये अ‍ॅडव्हेंटनेट काढली, तिचंच २००९ मध्ये झोहो कॉर्पोरेशन झालं. बाहेरचं भांडवल तिने घेतलं नाही. गिरीश मातृभूतम याच कंपनीत बरीच वर्षं काढून बाहेर पडले, २०१० मध्ये फ्रेशडेस्क (आताची फ्रेशवर्क्स) सुरू केलं, पुढच्याच वर्षी अ‍ॅक्सेल या गुंतवणूक फंडाचे दहा लाख डॉलर आले आणि मग गुंतवणुकीच्या एकामागून एक फेऱ्या झाल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रेशवर्क्स ३६ डॉलरच्या भावाने नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारावर आली. पाचशेहून अधिक कर्मचारी त्या नोंदणीने कोट्यधीश झाले, असं तेव्हा मातृभूतम यांनीच सांगितलं होतं. झोहोच्या वाटेवर असा दिवस येत नाही, हे कबूल करूनच पुढे जायला हवं.

आता दोघींचे वाईट दिवस बघा. २००१ च्या सुमारास डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या शेअरचा, फुगा फुटला, त्यापाठोपाठ टेलिकॉम कोसळलं आणि अ‍ॅडव्हेंटनेटचे ग्राहक नेमके टेलिकॉमची उपकरणं बनवणारे. कंपनी विका किंवा माणसं कमी करा, असं सांगणारं संचालक मंडळावर बाहेरचं कुणी नव्हतं. रिकामे झालेले इंजिनिअर नव्या कामाला लावले गेले. मॅनेजइंजिन (कंपन्यांची संगणक यंत्रणा सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि पुढे झोहोची ऑनलाइन सॉफ्टवेअर ही त्या काळातली कमाई.

फ्रेशवर्क्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ६६० जणांना, म्हणजे १३ टक्के लोकांना काढलं. महसूल तेव्हा वाढत होता, आणि त्याच सुमारास ४० कोटी डॉलरची शेअर पुनर्खरेदीही (कंपनीने स्वतःचेच शेअर बाजारातून विकत घेणं) जाहीर झाली. वेंबूंनी कंपनीचं नाव न घेता याला उघड हावरटपणा म्हटलं. मला दोन्ही बाजू समजतात. शेअर बाजारातली कंपनी भागधारकांना उत्तर देते, आणि पहिल्या चेकवर सही होते तेव्हाच ती दिशा ठरून जाते.

पण झोहोचा दाखला देताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. त्यांची सुरुवातीची कमाई डॉलरमध्ये होती आणि खर्च रुपयांत. तुमचे ग्राहक चाकण-भोसरीतले कारखाने असतील आणि पैसे नव्वद दिवसांनी येत असतील, तर तुमचं गणित वेगळं आहे. ते आधी मांडू.

महिन्याच्या वीस तारखेचा हिशेब

समजा महिन्याचा खर्च पंधरा लाख: पगार बारा, बाकी भाडं, क्लाउड आणि किरकोळ. मार्चअखेर तुम्ही दहा लाखांचं बिल काढलंत. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणून बिल ११ लाख ८० हजारांचं. ग्राहक पैसे देणार जूनअखेर. सरकारचे एक लाख ऐंशी हजार मात्र २० एप्रिलला भरायचे, ग्राहकाने दिले असोत वा नसोत. कारखान्याला कच्च्या मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे तेवढी वजावट, तरी मिळते. तुमचा कच्चा माल म्हणजे माणसं, आणि पगारावर जीएसटी नसतो, त्यामुळे क्रेडिट जेमतेम. शिवाय ग्राहक टीडीएस कापून घेणार, आणि तो दोन टक्के की दहा टक्के यावर त्यांच्या अकाउंट्सवाल्याशी दरवेळी वाद.

म्हणजे धंदा वाढला की आधी खिशातून जास्त जातं. स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या कंपन्या तोट्यापेक्षा या खिंडीत जास्त अडकतात. यावर उपाय आहेत, पण ते कंटाळवाणे असल्यामुळे कुणी करत नाही. उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी करा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर २०२३-२४ पासून ग्राहकाला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच प्राप्तिकरात दाखवता येतो. उद्यमचा नंबर बिलावर ठळक छापला की मार्च महिन्यात फोन आपणहून येतात. परदेशी ग्राहकासाठी एलयूटी (जीएसटी खात्याला द्यायचं हमीपत्र) भरून ठेवा, म्हणजे जीएसटी न लावता बिल काढता येतं.

बाहेरचे आठ कोटी आले तर ही सगळी कटकट एका दिवसात संपते. वाईट सवयही लागते ती तिथूनच. वसुलीचा पाठपुरावा ढिला पडतो, पंधरा लाखांचा खर्च सहा महिन्यांत चाळीसवर जातो, आणि आठ कोटी बघता बघता संपतात. पुढची फेरी मिळाली नाही, जसं २०२२ मध्ये अमेरिकेतले व्याजदर चढल्यावर अनेकांचं झालं, तर चाळीस लाखांचा डोलारा आणि जुनंच उत्पन्न अशी अवस्था होते.

आठ कोटींची किंमत

कागदावर हिशेब सोपा दिसतो. कंपनीचं मोल बत्तीस कोटी धरलं, आठ आले, चाळीस झाले, गुंतवणूकदाराचा वाटा वीस टक्के. पण बहुतेक टर्मशीटमध्ये (गुंतवणुकीच्या अटींच्या प्राथमिक कागदात) लिक्विडेशन प्रेफरन्सचं, म्हणजे कंपनी विकली की गुंतवणूकदाराचे पैसे आधी, असं कलम असतं. पाच वर्षांनी कंपनी पंचवीस कोटींना विकली गेली, तर वीस टक्क्यांचे होतात पाच कोटी. पण प्रेफरन्समुळे गुंतवणूकदार आधी आपले आठ काढून घेईल, तुमच्याकडे सतरा. कलम पार्टिसिपेटिंग असेल तर आठ घेऊन उरलेल्या सतरातलेही वीस टक्के, म्हणजे तीन कोटी चाळीस लाख. एकूण अकरा कोटी चाळीस. वीस टक्के म्हणता म्हणता पंचेचाळीस टक्क्यांच्या वर गेलं. सही करण्याआधी वकिलाकडून एवढं एक कलम जरी नीट समजून घेतलंत तरी फी वसूल.

आणि दुसरं, गुंतवणूकदार बहुधा इतरांचे पैसे गोळा केलेला फंड असतो, आणि फंडाचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. त्याला त्याच्या गुंतवणूकदारांचे पैसे कधीतरी परत द्यायचेत. दरवर्षी वीस-पंचवीस टक्क्यांनी शांतपणे वाढणारी, नफा काढणारी कंपनी तुम्हाला सोन्यासारखी वाटेल, पण त्याला ती अडकलेली रक्कम वाटते. यात त्याची काही चूक नाही, त्याचा धंदाच तसा आहे.

टीमचं काय होतं

स्वतःच्या कमाईवर चालणाऱ्या कंपनीत बाजारभावाने सीनियर माणूस परवडत नाही. मग घडवावा लागतो. झोहोने बारावी आणि डिप्लोमाच्या मुलांना घेऊन स्वतःची शाळाच काढली, त्यामागे हेही एक कारण. लहान कंपनीत ते जमतं, पण वेळ खातं, आणि एकेका माणसावर सगळं अवलंबून राहतं. पेमेंट मॉड्यूल फक्त एकालाच कळतं, आणि त्याने राजीनामा टाकला की नव्वद दिवसांच्या नोटिशीत ज्ञान हस्तांतर नावाचा उपचार सुरू होतो.

पैसे आल्यावर वेगळीच पंचाईत. तीन महिन्यांत पंधरा माणसं घ्यायची म्हणजे बाजारभाव द्यावा लागतो. चार वर्षं खस्ता खाल्लेल्या जुन्या मुलीला नऊ लाख आणि शेजारी बसलेल्या नव्याला सोळा. हे आठ दिवसांत सगळ्यांना कळतं, चहाच्या टपरीवर. भरती करण्याआधी जुन्यांचे पगार वर आणायला हवेत, आणि तो खर्च टर्मशीटच्या एक्सेलमध्ये कुणीच धरलेला नसतो. ईसॉप (ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचा कर्मचाऱ्याचा हक्क, म्हणजे ऑप्शन) दाखवून वेळ मारून नेतात, पण तो ऑप्शन वापरताना शेअर कागदावर मिळतो आणि कर बहुधा रोख भरावा लागतो, हे समजावून सांगणारे संस्थापक मला फार थोडे भेटलेत.

पडत्या काळात टीम टिकते ती आकडे उघडे ठेवल्याने, असं माझं मत. बँकेत किती महिन्यांचे पगार आहेत हे दर महिन्याला सगळ्यांना सांगणाऱ्या कंपन्या २०२० च्या टाळेबंदीत तुलनेने शांत होत्या. आधी मालकाचा पगार थांबला, मग सीनियरांचा थोडा कमी झाला आणि लोकांनी ते निभावून नेलं. बाहेरचा पैसा असताना हे अशक्य नाही, पण बोर्डला विचारावं लागतं, आणि बोर्डला थोडाथोडा पगार सगळ्यांचा कापण्यापेक्षा काही माणसं कमी करणं सोपं वाटतं.

मधली वाट पुण्यातलीच

क्विक हीलचं उदाहरण मला या दोन्हींपेक्षा जवळचं वाटतं. कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून वर आले, भाऊ संजय यांनी अँटिव्हायरस लिहिला, आणि नव्वदच्या दशकापासून कंपनी विक्रीवर वाढली. सिक्वोया या गुंतवणूक फंडाचे साठ कोटी आले २०१० मध्ये, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. पैसा आला तेव्हा प्रॉडक्ट विकलं जातंय का, हा प्रश्नच उरला नव्हता. विकण्याचं जाळं वाढवायचं होतं. अशा वेळी मोलभावही बरा होतो.

मग तुम्ही काय कराल

एकाच ग्राहकाकडून चाळीस टक्क्यांवर उत्पन्न येत असेल, किंवा बँकेत सहा महिन्यांचे पगार नसतील, तर आत्ता हिस्सा विकू नका. गरजेपोटी विकलेला हिस्सा स्वस्तात जातो. आधी वसुली सुधारा, खेळत्या भांडवलासाठी सीजीटीएमएसईच्या (लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेच्या) हमीवर बँकेकडे जा. बँक मशिनरी विचारेल आणि तुमच्याकडे लॅपटॉप असतील, तरीही जा.

प्रॉडक्टचे ग्राहक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आपणहून नूतनीकरण करत असतील, आणि विक्रीची माणसं नाहीत म्हणून ऑर्डरी हातच्या जात असतील, तर पैसे घ्या, हात आखडू नका. सर्व्हिसच्या धंद्यासाठी मात्र व्हेंचरचा, म्हणजे वेगवान वाढीच्या अपेक्षेने हिस्सा घेणाऱ्या फंडांचा, पैसा मी सुचवणार नाही. एआयच्या साधनांमुळे माणूसतासांवर बिल लावण्याची पद्धतच हलायला लागली आहे, आणि तिथे पुढच्या तीन वर्षांच्या वाढीचा शब्द देणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घेणं.

टर्मशीटवर सही केली की सहसा महिना-दोन महिने दुसऱ्या कुणाशी बोलता येत नाही. म्हणून सहीआधीच त्या फंडाने पैसे घातलेल्या दोन-तीन संस्थापकांना फोन करा. त्यांच्या वेबसाइटवर झळकणारे सोडा. ज्यांची कंपनी बंद पडली ते शोधा, आणि शेवटच्या सहा महिन्यांत फंडाची माणसं फोन उचलत होती का, ते विचारा.