पेटीवरचं नाव वाचलं, आंबा पाहिला नाही

देवगडकडे आमची हापूसची कलमं आहेत. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापून आत कर्नाटकातला आंबा भरला असेल, तर मी पेंढा बाजूला करायच्या आधी वासावरून सांगतो. असा मी माणूस मुलीच्या कॉलेजपायी पंचेचाळीस हजारांना बुडालो. बारावीचे निकाल आलेत, घरोघरी हीच चर्चा आहे, म्हणून लिहितोय.

थोरलीला खेकडे, कालवं, मासे यांचं लहानपणापासून वेड. बारावीला पीसीबी, ७८ टक्के. डॉक्टर व्हायचं नव्हतं, समुद्राचंच शिकायचं होतं. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ पासूनचं. तिथला चार वर्षांचा बी.एफ.एस्सी., म्हणजे मत्स्यविज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम, तिच्या डोक्यात होता आणि त्यासाठी तिने सीईटीही दिली होती. मी म्हटलं, मासळी बघायला रत्नागिरीला कशाला, बंदरावर काय कमी आहे? माझी अक्कल.

मेअखेरीला कणकवलीत एका हॉलमध्ये ‘मोफत करिअर मार्गदर्शन’ होतं. ही माणसं नेमकी तेव्हाच का येतात ते आता कळतंय. आंब्याचा हिशेब झालेला असतो आणि पैसे अजून घरातच असतात. पत्रकावर छापलं होतं, ‘बी.एस्सी. मरीन सायन्स, यूजीसी मान्यताप्राप्त, आयएसओ प्रमाणित’. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. वर्ग नवी मुंबईत, पदवी परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाची. ‘दोनच सीट उरल्यात, काका.’

रात्रीच्या तुतारी एक्सप्रेसने बापलेक गेलो. दुकानगाळ्यांची इमारत, तिसरा मजला. प्रयोगशाळेत मायक्रोस्कोपवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं. बेसिनला नळ होता, पण खाली पाइप नव्हता. हे मी पाहिलं, आणि नवीन कॉलेज आहे, होईल हळूहळू, अशी स्वतःचीच समजूत घातली. फळीवर फॉर्मॅलिनच्या बरण्या होत्या. एकीवर छापील चिठ्ठी, ‘बांगडा’, खाली शास्त्रीय नाव. पोरगी वाकून बघत राहिली आणि हळूच म्हणाली, ‘बाबा, हो बांगडो नाय. तारली आसा.’ आईबरोबर रोज मासळी घ्यायला जाणारी ती. बांगड्याच्या शेपटीकडे छोट्या सुट्या परांची रांग असते, ती या माशाला नव्हती. समोर टाय लावलेले सर उभे. मी तिचा कोपर दाबला. ‘गप रव.’

पंचेचाळीस हजार भरले. वर मूळ गुणपत्रिका आणि कॉलेज सोडल्याचा दाखला दिला. ‘युनिव्हर्सिटीला पडताळणीला पाठवतो, आठवड्यात परत.’ पावती कुठल्याशा ‘एज्युकेशन सर्व्हिसेस’ची होती, तिच्यावर कॉलेजचं नावसुद्धा नव्हतं. ती मी घडी घालून खिशात ठेवली.

पुढे शिरगावच्या यादीत तिचं नाव लागलं. आता मलाही वाटू लागलं होतं की हे घरापासून जवळ, सरकारी, बरं. पण प्रवेशाला मूळ दाखला हवा आणि तो नवी मुंबईत. फोन केला की ‘कुरिअर निघालंय’. मुदतीच्या शेवटच्या दिवशीही ते निघालेलंच होतं. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

बिंग फुटलं ते शिष्यवृत्तीच्या अर्जामुळे. गावातल्या सायबर कॅफेत राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरायला बसलो, तर कॉलेजांच्या यादीत आमचं कॉलेजच नाही. त्या पोराने स्पेलिंग तीन तऱ्हांनी घालून पाहिलं. मग त्यानेच विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून नंबर काढून दिला. तिकडून उत्तर आलं, आमचं महाराष्ट्रात काहीच नाही.

खासगी विद्यापीठाला बाहेरच्या कॉलेजांना संलग्नता देताच येत नाही, हे यूजीसीच्या २००३ च्या नियमावलीत आहे. पत्रकावरचा ‘यूजीसी’ शब्द वाचून मी थांबलो, ते कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे हे विचारलंच नाही. आपल्याकडची साधी बी.एस्सी.ची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. त्यांची यादी विद्यापीठाकडे मिळते, कॉलेजवाल्याच्या तोंडून ऐकायची गरज नाही. आणि आयएसओ म्हणजे कामकाजाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. ते एखाद्या पापडाच्या कारखान्यालाही मिळतं, पदवीशी त्याचा संबंध नाही.

यूजीसीची २०१८ ची अधिसूचना आहे की मूळ कागदपत्रं कॉलेजने अडकवून ठेवायची नाहीत, आणि प्रवेश रद्द केला तर फी किती परत द्यायची त्याचे टप्पेही तिच्यात दिलेत. मी ती छापून घेऊन गेलो. पण तो नियम कॉलेजांना, आणि हे कॉलेजच नव्हतं! शेवटी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला, तेव्हा तिसऱ्या दिवशी दाखला आणि गुणपत्रिका हातात आली. पैशांतले वीस हजार दोन हप्त्यांत मिळाले. बाकीच्यांची तारीख दर महिन्याला पुढे जायची, मग फोनच बंद झाला.

मुलगी जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात रिकाम्या जागेवर प्राणिशास्त्राला लागली. बरी शिकतेय. घरात मी कशावर मत द्यायला लागलो की ती ‘गप रव’ म्हणते आणि आई हसते. मी गप राहतो.

परवा शेजारच्या तालुक्यात एसटी स्टँडवर तसलाच बोर्ड दिसला. नाव वेगळं, शिबिर मोफत. बायकोच्या मोबाइलवरून फोन लावला. आवाज तोच. दोनच सीट उरल्यात म्हणाला. मूळ कागदपत्रं आमच्या वेळी आठवड्यात परत मिळणार होती, आता तीन दिवसांत मिळतात.