नेपोलियनचा आदेश की नेल्सनचं पत्र?

थोरामोठ्यांच्या हस्ताक्षराचे जुने कागद जमवायचे आहेत, पैसे एकाच चांगल्या कागदापुरते आहेत आणि काळ फ्रान्स-इंग्लंड युद्धांचा हवा आहे, तर निवड बहुधा दोन गोष्टींत होते: नेपोलियनची सही असलेला लष्करी आदेश, किंवा इंग्रज नौसेनापती नेल्सनने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र. साध्या मजकुराचा नेपोलियनचा आदेश सहसा कमी पैशांत मिळतो. त्यामुळे पहिला ओढा तिकडेच जातो, आणि त्यात गैर काही नाही.

मजकुराच्या दृष्टीने नेपोलियन सरसच आहे. कोणती तुकडी कुठे हलवायची, तोफा किती, दाणागोटा किती, सगळं थोडक्या ओळींत. ताडून पाहायलाही सोय आहे. पॅरिसच्या नेपोलियन फाउंडेशनने 2004 ते 2018 या काळात त्याचा पत्रव्यवहार 15 खंडांत छापला, त्यात 40 हजारांहून अधिक पत्रं आहेत. तो कोणत्या दिवशी कुठे होता हेही बहुतेक ठाऊक आहे. एप्रिल-मे 1807 मध्ये तो पूर्व प्रशियातल्या फिंकेनश्टाइनच्या वाड्यात मुक्कामाला होता. त्या दिवसांतलं पत्र पॅरिसहून निघालेलं दिसलं तर व्यवहार तिथेच थांबवावा. 1805 अखेरपर्यंतची तारीख सहसा प्रजासत्ताक पंचांगाची, म्हणजे फ्रेंच क्रांतीनंतरच्या नव्या कालगणनेची असते, कारण ते पंचांग 1 जानेवारी 1806 ला बंद झालं. मे 1804 मध्ये तो बादशहा झाला; त्याआधीच्या कागदावर ‘नेपोलियन’ अशी सही असेल तर प्रश्नच मिटला. तोवर तो ‘बोनापार्त’ अशी सही करी.

माझं घोडं अडतं ते पुढे. नेपोलियन लिहीत नसे, सांगत असे. लिहून घ्यायला लेखनिक: आधी बुरिएन, 1802 पासून मेनेव्हाल, नंतर फॅं. बादशहा झाल्यावर सही आखडत गेली आणि शेवटी नावाची एक-दोन अक्षरंच उरली. म्हणजे कागदावर त्याच्या हाताचं असं काय आहे? तळाचा एक फटकारा. बनावट करणाऱ्याला मजकूर छापील खंडांत तयार मिळतो, लेखनिकाचं घोटीव वळण सरावाने साधतं, आणि सही म्हणावी तर दोन अक्षरांची. तुलना करायला उरतंच काय? घाईत केलेल्या त्याच्या खऱ्या सह्यासुद्धा एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत. जाणकार लेखनिकाच्या अक्षरावरून निर्णय देतात आणि तो बरेचदा बरोबरही असतो, पण मग आपण तपासलं ते मेनेव्हालचं अक्षर. ज्यांना इतिहासाचा मजकूर हवा आहे त्यांना हे खटकणार नाही. मला खटकतं.

नेल्सनच्या पत्रात तपासायला पानंच्या पानं मिळतात. 24-25 जुलै 1797 च्या रात्री तेनेरिफ या स्पॅनिश बेटावरच्या सांता क्रूझच्या हल्ल्यात त्याचा उजवा हात निकामी झाला आणि कापावा लागला. काही दिवसांतच तो डाव्या हाताने लिहू लागला. आधीचं अक्षर उजवीकडे झुकलेलं, वाहतं. नंतरचं मोठं आणि बरंच उभं. हे वळण दोन-चार ओळी साधतं, चार पानं साधत नाही. नकली पत्रात पहिलं पान जपून लिहिलेलं असतं. तिसऱ्या पानापर्यंत लिहिणाऱ्याचं मूळ वळण डोकं वर काढतं आणि अक्षरं हळूहळू उजवीकडे कलतात. म्हणून पत्र शेवटाकडून तपासायला सुरुवात करावी.

दहापट भिंगाखाली तीन गोष्टी पाहाव्यात. पिसाची लेखणी थोड्या-थोड्या शब्दांनी पुन्हा शाईत बुडवावी लागते, त्यामुळे शाई गडद, फिकी, परत गडद अशी दिसायला हवी. सगळीकडे एकसारखी काळी आणि कागदावर सपाट बसलेली असेल तर ती एकोणिसाव्या शतकातली शिळाछापाची (दगडावरून छापलेली) प्रतिकृती असण्याचा संभव मोठा. दुसरं, घडी. अस्सल पत्र आधी लिहिलं गेलं, मग घडी पडली. शाईची रेघ घडीवर तुटते. जुन्या कोऱ्या कागदावर आज लिहिलं तर घडीपाशी कागदावरचा, शाई पसरू न देणारा सरसाचा लेप गेलेला असतो, तिथे शाई फुटते. तिसरं, जलचिन्ह, म्हणजे कागद उजेडासमोर धरला की त्यात दिसणारी बनावटीची खूण. 1794 च्या कायद्यानंतर इंग्रजी कागदात बनावटीचं साल घालण्याची पद्धत पडली. पत्र 1804 चं आणि जलचिन्ह 1808 चं, असं झालं तर पुढचं काही पाहायला नको. नेपोलियनच्या फ्रेंच कागदात साल मिळेलच असा भरवसा धरता येत नाही.

सहीही साथ देते. ‘नेल्सन अँड ब्राँटे’ ही सही 1801 पासूनची. सिसिलीतल्या ब्राँटेची सरदारकी त्याला मिळाली तीच 1799 मध्ये. 1799 च्या आधीच्या तारखेच्या पत्रावर ती सही दिसली तर पत्र बनावट समजावं.

नेल्सनमध्येही गोम आहे. नौदलाचे औपचारिक हुकूम त्याचे लेखनिक लिहीत, त्यावर फक्त सही त्याची; त्यांना नेपोलियनसारखाच आक्षेप लागू पडतो. लाखेची मोहोर फोडताना कागदाचा तुकडा जातो आणि त्याबरोबर दोन-तीन शब्दही. तेवढी हानी मात्र स्वीकारावी, ती अस्सलपणाच्या बाजूनेच बोलते.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमधून 50 वर्षांहून जुनं हस्तलिखित बाहेर न्यायला किंमत कितीही असली तरी निर्यात परवाना लागतो, तो विक्रेत्याने काढायचा की आपण, हे पैसे देण्याआधी लेखी ठरवावं. फ्रान्समध्ये अडचण जास्त खोल आहे: सरकारी दप्तरातला कागद कितीही हात बदलले तरी सरकारचाच राहतो आणि परत मागता येतो. लष्करी आदेश नेमका त्या रेषेवर उभा असतो. त्यामुळे कागद कोणाकोणाकडून आला याची साखळी नेपोलियनच्या बाबतीत अधिक काटेकोर हवी.

एवढं असूनही नेपोलियनच हवा असेल तर 1796-97 च्या इटलीच्या मोहिमेतलं, ‘बोनापार्त’ अशी पूर्ण सही असलेलं पत्र पाहावं. आद्याक्षरांपेक्षा ते कितीतरी बोलकं. नेल्सन घ्यायचा तर 1803 ते 1805 चं, त्याच्या ‘व्हिक्टरी’ या जहाजावरून लिहिलेलं, घडीच्या कागदाची दोन्ही पानं अजून एकमेकांना जोडलेली असलेलं आणि सही कापून न घेतलेलं.