वाड्याची गाडी: व्होल्वो २४० इस्टेट, चौदा महिन्यांनंतर

आईला फोनवर सांगितलं, "व्होल्वो घेतली." पलीकडे जरा शांतता. मग, "अरे, बस कशाला?"

तिचं काही चुकलं नाही. पुण्यात वाढलेल्या माणसाला व्होल्वो म्हणजे स्वारगेटहून दादरला जाणारी एसी बस. फोटो पाठवला तर म्हणाली, "बसच आहे की. जरा बुटकी."

गाडी आहे १९९२ ची व्होल्वो २४० इस्टेट. गडद निळी, पाच गिअर, २३१६ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. राहतो गोथेनबर्गला, म्हणजे गाडीच्या माहेरीच. गेल्या चौदा महिन्यांत तिच्यावर साधारण सोळा हजार किलोमीटर झाले. हा आकडा माझ्या वहीतला आहे, गाडीतल्या मीटरचा नाही. तसं का, ते पुढे येईलच.

ब्लॉकेट या जुन्या वस्तूंच्या साइटवरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, '३१,८०० मिल'. मी मनात मैल धरले, हिशोब केला आणि हरखलो. पण स्वीडिश 'मिल' म्हणजे सरळ दहा किलोमीटर, त्यामुळे आकडा निघाला ३,१८,०००. हा काही कमी नव्हे, पण या इंजिनाच्या बाबतीत इथे कुणी त्यावर भुवई उंचावत नाही. किंमत ४५,००० क्रोनर, आपल्याकडचे चारेक लाख. एवढ्यात इथे पंधरा वर्षांची, बरी दिसणारी, कंटाळवाणी गाडी मिळते. बायकोने तसं सुचवलंही होतं.

इस्टेट गाडीला स्वीडिशमध्ये एक जुना शब्द आहे, 'हेरगोर्ड्सवाग्न'. शब्दशः वाड्यावरची गाडी. जमीनदाराच्या वाड्यावरून माणसं आणि सामान एकत्र न्यायची ती. आता बोलताना सगळे 'कोंबी'च म्हणतात, पण मला वाड्याची गाडी आवडली. हिला २४५ असंही म्हणतात: दोन म्हणजे मालिका, चार सिलिंडर, पाच दारं. पुढे गाडीवर नुसतं २४० लिहायला लागले, तरी जुनी माणसं अजून '२४५' म्हणतात आणि त्यावरून ओळखू येतात. १९७४ ते १९९३ अशी ही मालिका चालली, २८ लाखांहून जास्त गाड्या निघाल्या आणि शेवटची ५ मे १९९३ रोजी माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या तोर्सलांदाच्या कारखान्यातून बाहेर पडली. यान विल्सगोर्डने काढलेला हा आकार पट्टी लावून काढल्यासारखा दिसतो खरा. पण डिकीत कपाटाचा खोका सरकवताना प्रत्येक सरळ रेघेचा अर्थ कळतो.

आता खरं सांगतो. मी ही गाडी 'मॉडिफाय' करायला घेतली होती. डोक्यात १९८५ च्या २४० टर्बो होत्या. त्या वर्षी युरोपियन टूरिंग कार स्पर्धेचं विजेतेपद याच चौकोनी डब्याने नेलं आणि 'उडती वीट' हे नाव मिळवलं. टर्बो बसवायचा, गाडी खाली घ्यायची, रुंद चाकं घालायची, असा सगळा बेत होता. प्रत्यक्षात पहिले आठ महिने गाडी जशी कारखान्यातून निघाली होती तशी करण्यात गेले.

सुरुवात मीटरपासून. तिसऱ्याच दिवशी लक्षात आलं की वेग दाखवणारा काटा चालतो, पण किलोमीटरचे आकडे ढिम्म. स्पीडोमीटरच्या आत चणाडाळीएवढं एक प्लास्टिकचं दातेरी चाक असतं, त्याचे दात झडतात. २४० चा हा ठरलेला आजार. मग जुन्या तपासण्यांच्या नोंदी काढून पाहिल्या. लागोपाठच्या दोन तपासण्यांमध्ये गाडी जेमतेम ४०० किलोमीटर चाललेली! म्हणजे ३,१८,००० वर आकडा थांबून किती काळ झाला, देव जाणे. विकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मानायला मी तयार आहे, पण घासाघीस करताना हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही घेणार असाल तर चाचणी घेताना पाच किलोमीटर चालवा आणि शेवटचा आकडा हलतो का ते बघा.

दुसरी गोष्ट, गाडी मध्येच बंद पडायची. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही. इंधन पंपाला वीज देणाऱ्या स्विचमधले, म्हणजे रिलेमधले, सोल्डरचे डाग सुटतात, हाही ठरलेला आजार. डॅशबोर्डखालून रिले काढला, भिंगाखाली धरला, डागाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली. सोल्डरिंगची कांडी गरम केली, काम झालं. नवा रिलेही आणून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलाय, तो अजून तिथेच आहे.

इंजिनाची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीत एक छोटी जाळी असते, तिला फ्लेम ट्रॅप म्हणतात. ती तेलाच्या काजळीने तुंबली की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढतं. माझ्या गाडीखाली ऑइलचं थारोळं दिसत होतं म्हणून मी हजारोंच्या कामाची तयारी ठेवली होती. जाळी आणि नळी बदलल्यावर निम्मं गळणं तिथेच थांबलं.

टायमिंग बेल्ट मी स्वतः बदलला, आयुष्यात पहिल्यांदा. धीर आला तो एका गोष्टीमुळे: आठ व्हॉल्व्हच्या या इंजिनात बेल्ट तुटला तर गाडी थांबते, पण पिस्टन व्हॉल्व्हवर आदळत नाही. सोळा व्हॉल्व्हवाल्या भावंडाला ही सवलत नाही. चुकीला माफी असलेलं इंजिन शिकाऊ माणसाला फार मानवतं.

आणि मग हीटरचा पंखा. याच्याबद्दल इथे एक विनोद आहे की कारखान्यात आधी पंखा ठेवायचे आणि मग त्याभोवती गाडी बांधायचे. ऑक्टोबरमध्ये तो किंचाळायला लागला. शेजारच्या इमारतीत एक आजोबा राहतात, तोर्सलांदाला कारखान्यातच त्यांची नोकरी झाली. स्वीडिशमध्ये सगळ्यांना 'दू', म्हणजे तूच म्हणतात, तेव्हा त्यांच्याशी मी अरे-तुरेने बोलतो आणि प्रत्येक वेळी आतून जरा ओशाळतो. आजोबा गाडीत डोकावले, पंखा ऐकला, म्हणाले, "शनिवार आणि रविवार." मी म्हटलं, "एवढा वेळ?" त्यावर नुसते हसले. शनिवार, रविवार आणि सोमवारची संध्याकाळ लागली. अर्धा डॅशबोर्ड मागच्या सीटवर, हीटरचा डबा उघडा, माझा हात कोपरापर्यंत सोलवटलेला. आजोबा बाजूला खुर्ची टाकून कॉफी पीत दिशा दाखवत होते. नाना पेठेतून पार्ट आणून वडील फियाटखाली झोपायचे आणि मी टॉर्च धरायचो, ते आठवलं. टॉर्च धरणं किती सोपं होतं, हे त्या सोमवारी कळलं.

गंज हा मात्र आजार नव्हे, नशीब आहे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. माझ्या गाडीच्या मागच्या चाकांच्या कमानी ठीक होत्या, डिकीच्या दाराची खालची कडही ठीक. पण ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला तर पत्र्याला दोन भोकं. कुणीतरी खालून सरळ काळं अंडरसील फासून झाकली होती. वेल्डिंगला ७,००० क्रोनर गेले. इंजिन, गिअरबॉक्स, सीट, सगळं या देशात कुठे ना कुठे मिळतं. सडलेल्या पत्र्याला बदली मिळत नाही. तेव्हा जास्त चाललेली पण कोरडी गाडी घ्या. साधारण १९८० ते १९८७ मधली बघत असाल तर इंजिनाची वायरिंग आधी हाताळा, त्या काळातल्या वायरींचं आवरण बिस्किटासारखं चुरतं.

एवढं झाल्यावर बदलांना हात घातला. भंगारात निघालेल्या एका टर्बोचे जाड अँटी-रोल बार मिळाले, सोबत नवे शॉक अब्सॉर्बर आणि सगळे बुश घातले. फरक इतका की पहिल्या वळणावर मी मोठ्याने हसलो. आधी गाडी वळणात गलबतासारखी कलायची, आता कललीच तर विचार करून कलते. पुढच्या दिव्यांना वेगळा रिले घालून सरळ बॅटरीवरून वीज दिली, त्याने प्रकाश चांगलाच वाढला. जुन्या कॅसेट प्लेअरच्या आत ब्लूटूथ बसवलं, बाहेरून काही कळत नाही. बस्स. टर्बो अजून नाही.

कारण सांगतो. एका मित्राकडे व्होल्वोचीच ९४० टर्बो आहे. त्याने आधी बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला, मग क्लच गेला, तो बदलला तर गिअरबॉक्स कुरकुरू लागला. त्याच्या गाडीत बसलो की पोटात गोळा येतो, मजा येते. पण ती महिन्यातले दहा दिवस जॅकवर असते. माझ्या गाडीतला एम४७ गिअरबॉक्स तसाही नाजूक समजतात, त्यात ऑइल कमी पडलं की पाचव्या गिअरचा भाग आधी बोलू लागतो. त्याच्या डोक्यावर टर्बो बसवायचा तर तोही बदलावा लागेल, मग ब्रेक, मग मागचा ॲक्सल. शिवाय पार वेगळं इंजिन बसवलं तर हौशी गाडीबांधणाऱ्यांच्या देशव्यापी संघटनेकडून, एसएफआरओकडून, तपासणी आणि कागद लागतात. लोक ते करतात, उत्तम करतात, पाच सिलिंडरची इंजिनं बसवलेल्या २४० मी पाहिल्यात. माझा जीव त्यात रमेल का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चालवायला कशी आहे? ताकद ११५ अश्वशक्तीच्या आसपास, वजन तेराशे किलोच्या वर. ओव्हरटेकचा निर्णय आधी घरी चर्चा करून घ्यावा. ई६ महामार्गावर ११० ला इंजिन आणि वारा दोघं मिळून गातात, बाजूच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो. पण वळायला ही बया थक्क करते. पावणेपाच मीटरहून लांब गाडी, आणि वळणवर्तुळ ९.८ मीटरचं. बोहुसलेनच्या किनाऱ्यावरच्या अरुंद गावांत जिथे नव्या गाड्या मागे-पुढे करत बसतात, तिथे ही एका दमात फिरते. चारही कोपरे बसल्या जागेवरून दिसतात. सीट तर अशा की पार उत्तरेकडच्या सेलेनपर्यंत जाऊनही पाठीने तक्रार केली नाही.

सेलेनला उणे बावीस होतं. रात्री इंजिनाच्या हीटरची वायर पार्किंगमधल्या प्लगला जोडली, टायमर लावला, सकाळी पहिल्या स्टार्टरला सुरू. बाजूची नवी, महागडी गाडी बॅटरीवरून रुसली होती. मी काही बोललो नाही. बर्फात मागच्या चाकांवर चालणारी गाडी म्हणजे उजव्या पायाला संस्कार. चांगले हिवाळी टायर आणि डिकीत वाळूची दोन पोती असली की निभतं, पण पहिल्या बर्फात एखाद्या रिकाम्या मैदानावर जाऊन मुद्दाम घसरून बघा.

सामानाचं काय सांगू. मागची सीट पाडली की पाच फूट नऊ इंचाचा मी पाय लांब करून झोपतो. गणपतीत आमच्या मंडळींचं मखर, दोन समया, स्पीकर आणि मोदकांचे डबे एका फेरीत गेले. येताना त्याच जागेत चार माणसांसाठीच्या घडीच्या खुर्च्या आणि उरलेला प्रसाद.

आता तक्रारी. ॲव्हरेज: लिटरला नऊ, शहरात आठ. मी ९८ ऑक्टेनचं पेट्रोल टाकतो, ते आणखी महाग. तीस वर्षांवरच्या गाडीला इथे वाहनकर नाही एवढीच फुंकर, पण शहरात शिरताना २०१३ पासून लागणारा गर्दीचा कर जुन्या गाडीलाही भरावाच लागतो. माझ्या गाडीत एअरबॅग नाही, मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्स नाही. आपल्या काळात ही सुरक्षिततेची मूर्ती होती, तीन टोकी पट्टा १९५९ मध्ये याच कंपनीतल्या निल्स बोलिनने आणला, सगळं मान्य. पण मुलीला शाळेत सोडायला आम्ही ट्राम घेतो. या बाबतीत बायकोशी मी वादच घालत नाही.

आणि एक वेगळाच ताप. पंधरा वर्षांची मुलं इथे ३० किलोमीटरच्या वेगाला बांधलेली, ट्रॅक्टर म्हणून नोंदवलेली गाडी चालवू शकतात. त्यासाठी जुन्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या व्होल्वो त्यांना जीव की प्राण. पेट्रोल पंपावर एका पोराने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "विकणार?" नाही म्हटलं. "आतापर्यंत किती बदललंस?" मी यादी सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे काहीच नाही." यादी संपवायला मला पाच मिनिटं लागली होती.

गेल्या आठवड्यात तपासणी झाली. इथे ती दर चौदा महिन्यांनी. तपासनीस गाडीखाली टॉर्च घेऊन फिरत असताना मी परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा भिंतीला टेकून होतो. वेल्डिंगवर त्याने दोनदा बोट फिरवलं, काही बोलला नाही. कागदावर एकच दोष आला: हँडब्रेक डाव्या-उजव्या चाकावर सारखा लागत नाही. मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचे वेगळे छोटे ड्रम असतात, त्यातले शू गंजून चिकटतात. शू आणि स्प्रिंगचा संच बिल्टेमा या सुट्या भागांच्या दुकानातून आणलाय, शनिवारी बसवणार. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "एक सकाळ." मी रविवारही मोकळा ठेवलाय.