तीन पुस्तकांत एकच ‘आर्शीवाद’

१,५१,८०० रुपये. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकापायी एवढे मी एका भामट्या प्रकाशकाला दिले. पार्सलची हमाली मीच भरली ती धरली तर १,५२,२८०. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात तो सांगायला मला चार महिने लागले, आणि पहिल्यांदा सांगितला तेव्हाही ‘साठ-पासष्ट हजार’ असाच सांगितला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, माणदेशात. ३१ मे २०२४ ला निवृत्त झाले. पहिली ते चौथीच्या पोरांना सांगितलेल्या १४ गोष्टी माझ्या वहीत होत्या. चारा छावणीतल्या गाईची, टँकरची वाट बघणाऱ्या घागरीची, अशा. त्यातल्या दोन ‘किशोर’मध्ये छापून आल्या होत्या आणि त्यांचं मानधन आलं होतं. रक्कम लहान होती, पण त्यांनी मला दिली होती. पैसा कुणाकडून कुणाकडे जातोय एवढं जरी मी नंतर आठवलं असतं तरी पुरे होतं.

‘पैसे देऊन पुस्तक काढायला गेलीस, मग दुसरं काय होणार’ असं मला माझ्याच भावानं ऐकवलं. त्याला आणि तसं वाटणाऱ्या सगळ्यांना सांगते, मराठीत पदरमोड करून पुस्तक काढणं हा काही गुन्हा नाही. निम्मे कवी तेच करतात. गावातल्या छापखान्यात बिल चुकतं करून ५०० प्रती घरी आणल्या असत्या तर मी हे लिहीत बसले नसते. मी ५०० प्रतींचे पैसे दिले, ४० मिळाल्या, आणि उरलेल्या ४६० च्या आशेवर आणखी पैसे देत गेले. याला पदरमोड म्हणत नाहीत.

फेसबुकवर जाहिरात दिसली. ‘बालसाहित्यिकांना सुवर्णसंधी.’ नोव्हेंबर २०२४ होता. खाली शाल-श्रीफळ घेतलेल्या एका बाईंचा फोटो आणि ‘आमच्या लेखिकेशी स्वतः बोला’ म्हणून नंबर. मी बोलले. त्या इतक्या गोड बोलल्या, की माझी दुसरी आवृत्ती निघाली, मुलांची पत्रं येतात. पत्रं! आजकाल कुठलं मूल पत्र लिहितं? पण मला ते ऐकायचं होतं, मी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ‘प्रकाशकां’चा फोन आला. पहिलंच वाक्य, “नमस्कार बाई.” मॅडम नाही, ताई नाही. मी काय होते हे त्यानं फॉर्मवर वाचलेलं होतं. निवृत्त होऊन सहा महिने झाले होते, कुणी बाई म्हणून हाक मारली नव्हती. तिथंच मी निम्मी गेले.

हस्तलिखित परीक्षणाचे २,५००. आठ दिवसांत उत्तर आलं, ‘परीक्षक मंडळानं एकमतानं निवड केली आहे’. आता घासाघीस नको म्हणून नमुन्याला त्यांनी काढलेली तीन पुस्तकं कुरिअरनं पाठवली. तीन वेगळे लेखक. एक कोकणातले, एक विदर्भातले, तिसऱ्या बाई नाशिकच्या.

मी ती दुपारी अंगणात बसून चाळली. सवयीप्रमाणे आधी मनोगत वाचते. पहिल्या पुस्तकात लेखक म्हणतात, ‘वाचकांचा आर्शीवाद लाभावा’. रफार चुकलेला. मुलांच्या पुस्तकात हे शोभत नाही, असं मनात म्हटलं आणि दुसरं उघडलं. ‘वाचकांचा आर्शीवाद लाभावा.’ तिसरं उघडलं. तेच. मग नीट बघितलं तर तिन्ही मनोगतं शब्दाला शब्द सारखी, फक्त नावं आणि गावं बदललेली. ‘बालपणी आजीच्या कुशीत’ पण तिघांची एकच आजी.

आता माझं काम काय होतं ते सांगते. ३१ वर्षं मी वह्या तपासल्या. दोन पोरांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर काही म्हणता येत नाही, पण चूक सारखी आली की कॉपी. हे मी नव्या शिक्षकांना सांगत असे. एका नजरेत पकडायचे. आणि त्या दिवशी हातात तीन वह्या, तिन्हीत एकच चूक, आणि मी काय केलं? मी मनाशी म्हटलं की लेखकांना मनोगत लिहिता येत नसेल, प्रकाशकच लिहून देत असेल, उलट किती मदत करतात बिचारे. हे मी खरंच म्हटलं. ह्यांना चहा देताना तो किस्सा हसून सांगितलासुद्धा. ह्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, “तुझंही तेच लिहिणार काय?” मी चिडले. तेव्हा थांबले असते तर २,५०० वर सुटले असते.

त्याच आठवड्यात ६४,९०० पाठवले. ५५,००० चं पॅकेज, वर १८ टक्के जीएसटी ९,९००. पावतीवर जीएसटी क्रमांक होता, २७ नं सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, म्हणून मी निश्चिंत. तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायला एक मिनिट लागतं आणि पैसे लागत नाहीत. मुलानं जुलैमध्ये टाकला. नोंदणी रद्द झालेली, तीही आमच्या व्यवहाराच्या दीड वर्ष आधी. म्हणजे ९,९०० सरकारकडे गेलेच नाहीत.

डिसेंबरात चित्रांचे १६,८००, एका गोष्टीला एक चित्र, १,२०० प्रमाणे. चित्रकाराचं नाव विचारलं तर ‘आमची टीम आहे’. मुलांच्या पुस्तकात चित्रकाराचं नाव लेखकाच्या बरोबरीनं असतं, नसेल तर चित्रं कुणी काढलेलीच नाहीत असं समजा. माझ्या छावणीतल्या गाईच्या मागं बर्फाचे डोंगर आहेत.

मग आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५००. हे ऐका आणि ध्यानात ठेवा: भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, लेखक स्वतःसुद्धा करू शकतो. अर्ज भरून देण्याची मजुरी कुणी मागितली तर ती मजुरी म्हणून मागावी, ‘सरकारी फी’ म्हणून नाही. आणि माझ्या पुस्तकावरचा क्रमांक तर खराही नाही. १३ आकडे असतात. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक तसेच घ्यायचे, मधले तिपटीनं घ्यायचे, सगळ्यांची बेरीज करायची, तिला १० नं पूर्ण भाग गेला पाहिजे. माझ्या क्रमांकाची बेरीज ११७ आली. पाचवीच्या पोराला जमणारं गणित मी पैसे गेल्यावर केलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एसटीच्या पार्सलनं गठ्ठा आला, ४८० रुपये भरून सोडवला. ४० प्रती. ठरलं होतं १३० जीएसएमचा आर्ट पेपर, आला साधा पांढरा, मागच्या पानावरची गाय पुढच्या पानावर दिसते. सेंटर पिन इतकी बाहेर की लहान मुलाच्या बोटाला लागेल. १७ वं पान उलटं. आणि पान ३ वर माझं मनोगत. मी तीन रात्री बसून लिहिलेलं नव्हे. ‘वाचकांचा आर्शीवाद लाभावा.’ माझ्या नावाखाली.

मी फोन केला, आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, “बाई, ही डमी कॉपी आहे, दुरुस्त्या सांगा, मुख्य छपाई त्यानंतर.” डमी ४० काढतात का कुणी? एक काढतात, फार तर दोन. मला तेव्हा माहीत नव्हतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कुठल्याही पुस्तकवाल्याला विचारलं असतं तरी कळलं असतं, पण विचारायचं तर सांगावं लागलं असतं.

पुढचं भराभर सांगते, लाज वाटते. पुरस्काराची प्रवेश फी ५,१००. मार्चमध्ये ‘शासनमान्य यादीची फाइल’ म्हणून १८,०००. एप्रिलमध्ये शाळांच्या ऑर्डरसाठी परतावा मिळणारं डिपॉझिट, ४१,०००.

या शेवटच्याला मी कशी भुलले ते मात्र सांगायलाच हवं, कारण इथं लोक मला मूर्ख समजतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळांना ग्रंथालय अनुदान येतं हे खरं आहे. आमच्या प्राथमिक शाळेची ती ५,००० पर्यंतची रक्कम मी स्वतः खर्च केली आहे, पावत्या स्वतः चिकटवल्या आहेत. तो जे सांगत होता त्यातलं निम्मं मला माहीत असलेलं होतं, म्हणून उरलेलं निम्मं पटलं. अडाणी बाईला हे खोटं सांगताच आलं नसतं, तिला काही कळलंच नसतं. शासनमान्य ग्रंथ यादीचंही तसंच. यादी खरी असते. पण यादीत नाव आलं म्हणजे सरकारनं पुस्तकं विकत घेतली असं होत नाही, ग्रंथालयं आपल्या अनुदानातून त्यातली निवडतात, निवडली तर. आणि ऑर्डर देणारा विकणाऱ्याकडून पुस्तकं उचलतो, लेखकाकडून डिपॉझिट कशाचं?

पुरस्कार सोहळा पुण्यात झाला. एका संध्याकाळी ४६ ‘रत्नं’. मी ३१ वी होते. शाल, नारळ, प्लॅस्टिकचं सोनेरी स्मृतिचिन्ह. माझ्या शेजारच्या काकांनी हळूच विचारलं, “तुम्हीपण पाच हजार शंभर?” आम्ही दोघंही हसलो आणि विषय बदलला. त्या सभागृहात ४६ जणांनी खरं बोललं असतं तर तिथंच त्याची कॉलर धरता आली असती. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१० पासून दिला जातो, तो घेताना कुणी पावती फाडल्याचं ऐकलंय का कधी?

जूनपासून फोन बंद. पत्त्यावर मुलगा जाऊन आला, तिथं झेरॉक्सचं दुकान.

आणि मग सुरू झाली दारोदार. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी कागद बघितले आणि म्हणाले, करार आहे ना स्टॅम्पपेपरवर, मग हा दिवाणी वाद, कोर्टात जा. मी म्हटलं, न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४), पूर्वीचं ४२०. तर म्हणे बाई, कलम आम्हाला शिकवू नका. बरं, नाही शिकवत. पुढं म्हणाले, कार्यालय पुण्यात ना, पुण्यात जा. गेले. सहा तास बाकड्यावर बसवून पुण्यातल्या ठाण्यात सांगितलं, पैसे कुठल्या खात्यातून गेले? गावाकडच्या ना? मग गावाकडे जा. झिरो एफआयआर म्हणून काही असतं, हद्द कुठलीही असो, तक्रार नोंदवून घेऊन पुढं पाठवायची, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय. मी प्रिंट नेलेली. साहेबांनी ती वाचली, चांगली छापलीय म्हणाले, आणि परत दिली. तक्रार अर्जावर शिक्का मिळवायला तिसरी खेप. शिक्क्याशिवाय अर्ज देऊन येऊ नका, तो दिला नव्हता असंच पुढं सांगतात.

बँकेत गेले. मॅनेजर म्हणे, तुम्ही स्वतः यूपीआय केलंत, आम्ही काय करणार. ते खरंच आहे म्हणा. सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या, खातं गोठवायला वेळ मिळावा म्हणून. मी जुलैमध्ये केला, नोव्हेंबरच्या पैशांसाठी. एका साहित्यसंस्थेला पत्र लिहिलं, उत्तर आलं की ‘आपण संस्थेच्या सभासद नाही’. सभासद झाल्यावर फसले असते तर चाललं असतं वाटतं. आणि ठाण्यातला एक तरुण पोलीस, चांगल्या घरातला दिसत होता, त्यानं विचारलं, “मावशी, एवढे पैसे गोष्टींसाठी?” या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं ४१,००० नी नाही लागलं. जमिनीत, सोन्यात, नातवाच्या नोकरीत बुडाले असते तर यांना कळलं असतं.

ग्राहक आयोगात जा, हे मला कुणी अधिकाऱ्यानं सांगितलं नाही, शाळेतल्या जुन्या शिपायाच्या मुलीनं सांगितलं, ती वकिली शिकते. ५ लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, दोन वर्षांच्या आत. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर आधी विचारून घ्या. वकील लागतोच असं नाही. समोरच्याचा मुद्दा ठरलेला असतो की लेखिका नफ्यासाठी आली होती, म्हणून ग्राहक नाही. ४० प्रतींचा नफा!

करार पुन्हा वाचला. ५०० च्या स्टॅम्पपेपरवर ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ आणि खाली माझी सही, वळणदार, जशी प्रगतिपुस्तकावर करायचे तशी. मुदत लिहिलेलीच नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठी गेले असं धरतात. म्हणजे माझ्याच १४ गोष्टी नोव्हेंबर २०२९ पर्यंत त्याच्या. फसवणुकीनं केलेला करार रद्द करून घेता येईल असं वकील म्हणतात, पण त्याची फी वेगळी. हक्कांची ओळ आधी वाचा, पानं आणि रंग मागून.

राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना असते, पहिल्या पुस्तकासाठी, बालवाङ्मयही त्यात येतं, हे मला माहीत नव्हतं. ३१ वर्षं शासनाची परिपत्रकं वाचली, हे एक नाही वाचलं.

मागच्या आठवड्यात मुलीनं फोनवर एक जाहिरात दाखवली. प्रकाशनाचं नाव नवीन, अक्षरं तीच. ‘बालसाहित्यिकांना सुवर्णसंधी.’ खाली शाल पांघरून, सोनेरी स्मृतिचिन्ह धरून हसणारी बाई मी आहे. ‘आमच्या लेखिकेशी स्वतः बोला’ असं लिहिलंय आणि पुढं नंबर. तो नंबर माझा नाही. मी लावून बघितला, एका बाईंनी उचलला, आणि माझं नाव सांगून म्हणाल्या, बोला ना, माझी आता दुसरी आवृत्ती निघतेय.