वीज गेली तरी दाढ भरणारी डबी

गोव्यात वाळपईच्या पुढे आमचं दातांचं क्लिनिक. पावसाळ्यात दुपारी लाइट गेली की कॉम्प्रेसर बंद, ड्रिल बंद, आणि बाहेर बाकावर सहा पेशंट. अशा दिवशी माझी भिस्त ग्लास आयनोमर या दात भरायच्या सिमेंटच्या डबीवर. पावडर आणि लिक्विड, बस. कीड स्पून एक्सकॅव्हेटरने, म्हणजे चमच्यासारख्या टोकाच्या हत्याराने, हातानेच खरवडायची, सिमेंट कालवायचं, व्हॅसलीन लावलेल्या बोटाने दाबून बसवायचं. भरलेलं घट्ट करायला क्युरिंग लाइट (प्रकाशाचा दिवा) लागत नाही. ते दाताला रासायनिकरीत्या धरतं, वर थोडं फ्लोराइडही सोडत राहतं.

परवा एक आजी दारातूनच म्हणाल्या, "मशीन नाका गो बाये!" म्हटलं, आजी, मशीन आज तसंही मेलेलंच आहे. वीस मिनिटांत दाढ भरून झाली. तासभर काही खाऊ नका म्हटलं, तर "चा पिल्यार जाता?" (चहा प्यायला तर चालेल ना?)

आता तक्रार. सध्याच्या कंपनीचं नाव लिहीत नाही, पण झाकण अगदीच ढिलं. जुलैच्या दमटपणात पावडरीच्या गुठळ्या झाल्या, अर्धी डबी फुकट. आता मी ती तांदूळ घातलेल्या बरणीत ठेवते. लिक्विडची बाटली अगदी उभी उलटी धरा, तिरकी धरली तर थेंबात बुडबुडा येतो आणि प्रमाण चुकतं. फ्रिजमध्ये तर ठेवूच नका.

दोन दातांच्या मधल्या बाजूला किडीने पडलेला मोठा खड्डा भरायला हे नको, तुटतं. चघळायच्या बाजूचा एकच खड्डा असेल तर बिनधास्त वापरा. पाचपैकी चार. एक तारा झाकणाने खाल्ला.