जीएनएमची फी म्हणून २,७३,५०० घेतले आणि पावतीवर छापलं 'स्वेच्छा देणगी'

जीएनएम म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. त्यात माझ्या मुलीची तीन वर्षं गेली आणि आमचे २,७३,५०० रुपये गेले. हातात राहिलं एक लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. त्यावर सोनेरी शिक्का आहे, खाली दोन सह्या आहेत, आणि देणाऱ्याच्या नावात 'ऑल इंडिया' आणि 'कौन्सिल' असे दोन्ही शब्द आहेत. त्या कागदावर तिला कुठल्याही दवाखान्यात नर्स म्हणून उभं राहता येत नाही.

मी स्वतः आशा वर्कर आहे. त्यामुळे गावात जो तो मलाच विचारतो, "तुम्ही तर आरोग्य खात्यातल्या, तुम्हाला कसं कळलं नाही?" हे विचारणाऱ्यांना मी आता उत्तर देत नाही. पण बारावीचा निकाल लागला की हेच एजंट पुन्हा गावोगाव फिरणार, म्हणून लिहिते आहे.

एजंट कसा घरी येतो, काय बोलतो, 'दोनच सीट उरल्यात' कधी म्हणतो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही. आमची मुलगी बारावी आर्ट्स, इंग्रजीसकट चांगली पास. जीएनएमला आर्ट्सही चालतं, चाळीस टक्के लागतात, हे खरंच आहे. म्हणजे एजंट पहिलं वाक्य खरं बोलला होता. सरकारी कॉलेजात नंबर लागला नव्हता आणि वर्ष वाया जाईल ही धास्ती होती. त्या धास्तीवरच यांचं दुकान चालतं.

आता पैसे. प्रवेशाच्या दिवशी १५,००० रोख. पहिल्या वर्षाचे ७०,०००. युनिफॉर्म, एप्रन, पुस्तकं ८,५००. परीक्षा आणि एनरोलमेंट म्हणून १२,०००. दुसऱ्या वर्षाचे ७०,०००. 'क्लिनिकल फी' १०,०००. तिसऱ्या वर्षाचे ७०,०००. आणि शेवटी 'कौन्सिल रजिस्ट्रेशन'चे १८,०००. यातले ५०,००० बचत गटाचं कर्ज, बाकी माझे दागिने आणि मुलीच्या वडिलांनी वर्षानुवर्षं साठवलेले. आम्हा आशांना पगार नसतो, कामागणिक मोबदला मिळतो, तोही वेळेवर नाही. एवढी रक्कम कशी उभी केली ते आमचं आम्हाला ठाऊक. पावत्या मिळाल्या फक्त १,४०,००० च्या, बाकी सगळं 'साहेबांच्या हातात द्या'.

आणि मी काही डोळे मिटून पैसे दिले नव्हते. प्रवेशाआधी स्वतः जाऊन आले होते. प्रात्यक्षिकाची खोली होती, पलंग होते, सुई टोचायला शिकवायचा पुतळा होता. भिंतीवर फ्रेम केलेली दोन सर्टिफिकेटं होती. पांढऱ्या कपड्यातल्या मुली रांगेने चालल्या होत्या. पहिल्या वर्षी दिवे लावून शपथविधीचा कार्यक्रमही झाला, फ्लॉरेन्स नाईटिंगेलच्या नावाची शपथ घेतली, पालकांना पुढच्या खुर्च्या दिल्या. हे बघून कोणता पालक संशय घेईल? भिंतीवरच्या त्या फ्रेमपैकी एक ट्रस्टच्या नोंदणीची होती आणि दुसरी आयएसओची, म्हणजे कामकाजाच्या दर्जाच्या प्रमाणपत्राची, हे मला कोणी सांगायला हवं होतं. ट्रस्ट कोणीही काढू शकतो. आयएसओचा नर्सिंगच्या मान्यतेशी काडीचा संबंध नाही. फ्रेम दिसली की जवळ जाऊन वाचा, मान वाकडी करून का होईना, पण पूर्ण वाचा.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या वेबसाइटवर, स्कॉलरशिपचा अर्ज भरायला गेलो तेव्हा यादीत कॉलेजचं नावच येईना. विचारलं तर म्हणाले, नवीन ब्रँच आहे, पुढच्या वर्षी जोडली जाईल. नव्या शाळेचं, नव्या कॉलेजचं असं होतं की, म्हणून ते पटलं.

पण एक दिवस असा होता की तो आठवला तरी अजून माझ्या छातीत कळ येते. मुलगी दुसऱ्या वर्षाची फी भरून सुट्टीला आली होती. लसीकरणाचा दिवस होता, उपकेंद्राच्या ओट्यावर बायका पोरं घेऊन बसलेल्या, मी यादी तपासत होते. उपकेंद्राच्या नर्स, आमच्या सिस्टर, यांनी कौतुकाने तिला आत बोलावलं आणि कपाटातून स्वतःची शिकत असतानाची जाड वही काढली. त्यांनी केलेल्या बाळंतपणांची वही. पानावर बाईचं नाव, दवाखान्यातला नोंदणी नंबर, बाळ किती वाजता झालं, वजन किती, वार पूर्ण पडली का, रक्तस्राव किती, आणि खाली वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची तारखेसह सही. दरेक पानावर सही. कोपरे मळलेले, एका पानावर आयोडीनचा डाग. सिस्टर म्हणाल्या, "तुझी दाखव ना गं, किती झाल्या?" मुलगी म्हणाली, "आमच्याकडे शेवटच्या वर्षी एकदम लिहून घेतात."

सिस्टर गप्प झाल्या. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "ताई, एकदा कॉलेजात जाऊन नीट विचारून या."

मी 'हो' म्हटलं आणि यादीत मान घातली. समोर पोरं रडत होती, व्हॅक्सिन कॅरिअर उघडलेला होता, त्या क्षणी दुसरं काय करणार होते मी? आणि तोवर १,७५,५०० भरून झाले होते. एवढे पैसे भरलेल्या माणसाला 'हे खोटं असेल' असा विचार करणंच जड जातं. पण त्याच आठवड्यात मी गेले असते तर पुढचे ९८,००० तरी वाचले असते. बाळंतपण वॉर्डात न करता वहीत उतरवून कोणी नर्स होत नाही, हे मला माहीत होतं. रोज ज्यांच्याबरोबर काम करते त्या बाईने हात धरून दाखवलं होतं.

म्हणून सांगते, मुलीला पहिल्याच सत्रात विचारा: वॉर्ड कुठला, ड्युटी किती तास, सही कोण करतं. जीएनएमची शाळा चालवायला मागे साधारण शंभर खाटांचं रुग्णालय लागतं. आमच्या मुलींना दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये नेत होते, तिथे त्या बीपी घ्यायच्या आणि पेशंटला चादर बदलून द्यायच्या. हीच ती 'क्लिनिकल फी' १०,०००.

भांडं फुटलं ते नोकरीच्या मुलाखतीत. मेट्रननी, म्हणजे तिथल्या मुख्य नर्सनी, सर्टिफिकेट बघितलंच नाही, आधी रजिस्ट्रेशन नंबर मागितला. मुलीने १८,००० भरून मिळालेला नंबर दिला. मेट्रननी तो पडताळून पाहिला आणि तिला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. तो नंबर महाराष्ट्र परिचर्या परिषदेचा नव्हताच. आपल्या राज्यात १९६६ च्या परिचारिका अधिनियमाखाली नोंदणी करते ती ही परिषद, दुसरं कोणी नाही. जीएनएम आणि एएनएम (नर्सिंगचा त्याहून छोटा कोर्स) यांची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं, बीएस्सीची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. परीक्षेचा पेपर संस्थेनेच काढला, संस्थेच्याच हॉलमध्ये झाला, बाहेरचा परीक्षक कोणी आलाच नाही, तर तिथेच समजा. 'घरबसल्या जीएनएम', 'हजेरी लागत नाही, परीक्षा दुसऱ्या राज्यात' असं कोणी म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात साहेबांनी पावती उलटीसुलटी केली आणि मला वाचून दाखवली. खाली बारीक अक्षरात 'स्वेच्छा देणगी' छापलं होतं. "बाई, तुम्ही ट्रस्टला देणगी दिलीत, ती परत कशी मागता?" मी म्हटलं, देणगी द्यायला आम्ही कोण शेठ-सावकार लागून गेलो? तर म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. फसवून पैसे घेणं हा गुन्हा आहे, आधी तो भारतीय दंड संहितेच्या ४२० मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये आहे, हे मला वकिलाने सांगितलं. ठाण्यातल्या माणसाला ते माहीत नव्हतं असं मी मानत नाही.

मग एका सरकारी कार्यालयात गेले. तिथे खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, संस्था मान्यताप्राप्त असती तर आम्ही कारवाई केली असती, पण ती मान्यताप्राप्तच नाही, त्यामुळे आमच्या अखत्यारीत येत नाही. हे वाक्य पुन्हा वाचा. मान्यता असलेल्याने चूक केली तर त्याला नोटीस, आणि मान्यता नसताना तीन-तीन वर्षं पोरींकडून पैसे उकळले तर त्याला विचारणारं कोणी नाही! तिथून दुसरीकडे पाठवलं, त्यांनी अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' तिसरीकडे पाठवला, आणि तो फिरत फिरत परत आला कुठे, तर त्याच पोलीस ठाण्यात. ऑनलाइन केलेल्या तक्रारीपुढे 'निकाली' असं लिहून आलं. काय निकाली काढलं? कोणी फोन केला नाही, कोणी संस्थेत पाऊल टाकलं नाही. संस्थेचा बोर्ड अजून तसाच लागलेला आहे, चौकातून सगळ्या साहेबांच्या गाड्या रोज त्याच्यासमोरून जातात. आणि मला मात्र प्रत्येक टेबलावर विचारलं, "आधी चौकशी का केली नाही?" चौकशी करायची कुठे, हे यातल्या एकाही कार्यालयाच्या दारावर लिहिलेलं नाही.

संस्थेने आणखी एक केलं. मुलीची दहावी-बारावीची मूळ गुणपत्रकं आणि दाखला अडकवून ठेवला, सोडवायला २५,००० मागितले. ते मी दिले नाहीत. बोर्डाकडे अर्ज करून गुणपत्रकांच्या दुय्यम प्रती काढल्या. तुमचीही कागदं कोणी अशी धरून ठेवली असतील तर घाबरून पैसे देऊ नका. प्रवेशाला मूळ कागद दाखवा, तपासू द्या, आणि देणं भागच असेल तर काय काय दिलं त्याची सही-शिक्क्याची पोच घ्या.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. संलग्नता नसताना आहे असं सांगून प्रवेश देणाऱ्या बिहारच्या एका दंत महाविद्यालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला आहे. तुमच्या वकिलाला तो शोधायला सांगा. आणि कर्ज काढायचं नसलं तरी एकदा बँकेत जाऊन त्या कॉलेजसाठी शैक्षणिक कर्ज मागून बघा. बँक मान्यतेचं पत्र मागते. 'बँकेच्या भानगडीत कशाला पडता, रोख द्या' असं संस्था म्हणाली की तिथून उठा.

मुलीबरोबरच्या बऱ्याच मुलींच्या घरी मी गेले. आईवडील दार लोटून हळू आवाजात बोलतात. पोरीचं लग्न जमवायचंय, बोभाटा नको म्हणतात. त्यांच्या पोरींनी काय चोरी केली? रात्र रात्र जागून अभ्यास केला, वॉर्डात उभ्या राहायला तयार होत्या. एकट्या बाईचा अर्ज फायलीत पडून राहतो, वीस घरांचा अर्ज टेबलावरून हलवावा लागतो. येत्या लोकशाही दिनाला, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात तेव्हा, मी पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहे. ज्यांच्याकडे अशाच पावत्या असतील त्यांनी यावं. मूळ पावती घरी ठेवा, झेरॉक्सच्या दोन प्रती आणा, आणि रोख दिलेल्या रकमा तारखेसकट एका कागदावर लिहून आणा.